चौसष्ट बिटचा तंबोरा

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. पोरीच्या जातीला एवढा राग बरा न्हाई असं लोक म्हणतात, आन् त्या लोकांचा मला आणखीनच राग येतो. मी मनिषा. लिंबागणेशाच्या पुढं आमचं गाव. आईबाप ऊस तोडायला जातात, मी त्यांच्या कोयत्यावर शिकले, आन् आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. आमची कंपनी आवाजाचे प्रोग्राम बनवते. गाणं रेकॉर्ड करायचं, साफ करायचं, त्याला साथ द्यायची, असले प्रोग्राम. गावाला वाटतं मी दिवसभर कानाला हेडफोन लावून गाणी ऐकते आन् फुकटचा पगार खाते. वाटू द्या.

तर भांडण झालं ते तंबोऱ्यावरून.

उसावरून माणसं माघारी आली की मारुतीच्या देवळापुढं अखंड सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची न्हाई, हा नियम. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात वीणा त्यानं उभंच राहायचं, टेकायचं न्हाई, आन् दुसरा येऊन घेईपर्यंत जागा सोडायची न्हाई. देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग कोण केवढाही मोठा असंना. ह्या पाळीला पहारा म्हणतात. दुपारी बारा ते दोनचा पहारा बायांचा, कारण त्या टायमाला पुरुषमंडळी जेवून आडवी पडलेली असते. त्या पहाऱ्याला माझी आई उभी राहायची. जानकीबाई तिचं नाव. वर्षभर फडात पाचटात वाकलेली बाई त्या दोन तासांत अशी ताठ उभी राहायची की मला लहानपणी वाटायचं, ही दुसरीच कुणीतरी हाय.

गेल्या साली कमिटीनं तंबोरा आणला. तंबोरा म्हणजे कॉम्प्युटर. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष अर्जुनराव तात्या, गावातले मोठे बागायतदार. त्यांचा पुतण्या रविराज, मंडप-साउंडचा धंदा करतो. भोंग्यावर वीणेचा आवाज बारीक येतो, खाली भरदार तंबोरा पाहिजे, असं रविराजच्या डोक्यात आलं. त्यानं एका जुन्या खोक्यावर तंबोऱ्याचा फुकटातला प्रोग्राम टाकला आन् कलश बसला त्या घडीला सुरू केला. सप्ताह अखंड, मग तंबोराही अखंड. लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टर, त्याच्यावर आणखी एक बॅटरी. सात दिवस तो बंद करायचाच न्हाई असं ठरलं.

चौथ्या दिवशी दुपारी, आई पहाऱ्यावर असताना, तंबोरा बिघडला. बिघडला म्हणजे बंद नाही पडला. बंद पडता तर बरं झालं असतं. एकदम सूर उतरला, तारा अडखळायला लागल्या, आन् भोंग्यातून असा घोगरा, बेसूर आवाज यायला लागला की झाडावरचे कावळे उडाले. आई अभंग म्हणत होती. तात्यांनी माइक हातात घेतला आन् साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले, "बाईमाणसाच्या गळ्यात वीणा दिली, त्याचं हे फळ. जानकीच्या गळ्यातली वीणा काढा."

अभंग मधेच तोडून वीणा काढली. धुळाजीनं घेतली. धुळाजी म्हणजे तात्यांचा उजवा हात, तात्या हो म्हणले की ह्याचं दोनदा हो. मग रविराजनं कॉम्प्युटर बंद करून परत लावला, आन् तंबोरा जुळला. झालं! गावानं डोळ्यांनी बघितलं ना, बाईच्या गळ्यातून वीणा निघाली आन् सूर जागेवर आला. आणखी काय पुरावा पाहिजे?

आई गुमान घरी आली, भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून ती गायली न्हाई. फडात न्हाई, जात्यावरच्या ओव्या न्हाई, नातवाला झोपवताना सुद्धा न्हाई. बायांनी आग्रह केला तर म्हणायची, "माझा सूर बाटका हाय बाई, देवाला चालत न्हाई." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देव काय बोलला होता का? बोलले होते अर्जुनराव.

औंदा सप्ताहाच्या आधी देवळात बैठक बसली. बायांचा पहारा रद्द, असा ठराव. दुपारचा पहारा तात्या स्वतः घेणार. आन् रविराजनं नवा कॉम्प्युटर आणलेला, तो सगळ्यांना दाखवला. काळा, चकचकीत, आत निळा लाइट.

"गेल्या सालचं खोकं बत्तीस बिटचं होतं," रविराज म्हणला. "हे चौसष्ट बिटचं हाय. प्रोग्राम बी चौसष्ट बिटचा उतरवलाय. दुप्पट अचूक. आता मशीनचा दोष काढायला जागाच न्हाई."

मी बायांच्या बाजूला बसले होते. उठले.

"रवी, चौसष्ट बिट कशाचं? प्रोसेसरचं का आकड्याचं?"

"म्हंजे?"

"म्हंजे तेच विचारते मी. दोन वेगळ्या गोष्टी हायत."

मी तो प्रोग्राम वर्षभरात आतून बघितला होता. फुकटचा प्रोग्राम, त्याचं लिहिलेलं सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं. ज्यानं लिहिला तो कुठल्या तरी परदेशातला भला माणूस. त्याला वाटलं असंल, माणूस तासभर रियाज करंल आन् बंद करंल. एखादं गाव हा तंबोरा सात दिवस बंदच करणार न्हाई, असं त्याच्या सपनात सुद्धा आलं नसंल. प्रोग्राम सुरू झाल्यापासून किती वेळ झाला तो आकडा तो सांभाळतो, त्यात दर खेपेला इवलासा तुकडा मिळवतो, आन् त्या आकड्यावरून सूर काढतो. तो आकडा त्यानं सिंगल ठेवलाय, म्हणजे बत्तीस बिटचा. तिथं गोम हाय.

पण हे देवळात सांगायचं कसं? मी म्हणले, "कारखान्याचा वजनकाटा सगळ्यांनी बघितलाय ना? रिकाम्या काट्यावर पाटी ठेवली तर थोडंफार दाखवंल. पण भरल्या ट्रकवर एक ऊस टाका, दाखवतो का?"

"न्हाई दाखवत," मागून कुणीतरी म्हणलं. आमच्या गावात काट्याचं दुःख सगळ्यांना ठाऊक हाय.

"तसंच हाय. दिवस जातील तसा आकडा ट्रकावाणी जड होतो आन् मिळवायचा तुकडा इवलासाच राहतो. मग आकडा तो तुकडा नीट धरत न्हाई, आधी कणभर जास्त धरतो, मग एकदम अर्धामुर्धा. तीन दिवस कसंबसं निभतं. चौथ्या दिवशी दुपारी निभत न्हाई. सूर पडतो. बंद करून लावलं की काटा रिकामा, परत सगळं ठीक. गेल्या साली हेच झालं. माझ्या आईचा काय संबंध?"

"ते जुन्या खोक्यावर," रविराज म्हणला. "हे चौसष्ट..."

"अरे शहाण्या, चौसष्ट बिटचा प्रोसेसर म्हंजे काट्याकडं जाणारा रस्ता रुंद केला! मोठी मेमरी, जास्त काम. रस्ता चौपदरी केला म्हणून काटा बारीक मोजायला लागतो का? आकडा बत्तीस बिटचा सिंगल ठेवायचा का चौसष्ट बिटचा डबल, ते प्रोग्राम बांधताना ठरतं. तुझ्या नव्या मशीनमधी बी आकडा सिंगलच हाय. बत्तीस बिटच्या जुन्या मशीनवर सुद्धा डबल आकडा ठेवता येतो. तू नुसतं नाव वाचून आलास."

रविराज लाल झाला. मी लॅपटॉप नेला होता. त्याचाच प्रोग्राम चालवला, वेळेचा आकडा पुढं ढकलून चौथ्या दिवसावर नेला. देवळात तोच घोगरा आवाज घुमला. बायांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, जिंकले.

तात्या शांतपणे मिशीवरून हात फिरवत म्हणले, "पोरी, तू हातानं आकडा ढकललास म्हणून बिघडला. कुणीही हातानं बिघडवंल. न बिघडवता बिघडला तर बोल. तवर बायांचा पहारा बंद म्हंजे बंद."

सगळ्यांनी माना डोलवल्या. धुळाजीनं दोनदा.

"ठीक हाय," मी म्हणले. आवाज चढला होता माझा, चढू दिला. "मग आज सगळ्यांच्या देखत सांगते. चौथ्या दिवशी दुपारी, तात्यांच्या गळ्यात वीणा असताना, ह्या चौसष्ट बिटच्या तंबोऱ्याचा सूर पडंल. तवा कुणाचा विटाळ म्हणायचा ते आत्ताच ठरवून ठेवा."

घरी आल्यावर बाप माझ्यावर चिडला. बाप माझा अजिनाथ, गरीब स्वभावाचा, भांडणाला भिणारा. "तुला येतं ना दुरुस्त करता? मग गुपचूप करून टाक की. बिघडलाच न्हाई तर कुणाचं काय जातंय? कावून तात्यांच्या वाकड्यात शिरते?"

"गुपचूप केलं तर तंबोरा नीट वाजंल," मी म्हणले. "आन् लोक म्हणतील, बघा, बायांचा पहारा काढला म्हणून औंदा नीट वाजला. आईचा डाग तसाच. मी न्हाई करणार गुपचूप. काय बी होऊ दे."

आई चुलीपाशी होती. एवढंच म्हणली, "माझ्यासाठी कुणाची भीक मागू नकोस."

"भीक न्हाई मागत, आई. नाक घासायला लावते."

"त्ये तुझं तू बघ," आई म्हणली, पण तवा तिच्या तोंडावर वर्षात पहिल्यांदा काहीतरी हाललं.

रविराजनं जुनं खोकं भंगारवाल्याला दिलं होतं. तेच मी उचलून आणलं. बत्तीस बिटचं, पंखा खडखडणारं, त्याच्या पत्र्यावर कुणीतरी चुना पुसलेला. त्याच्यासाठी तोच प्रोग्राम मी नव्यानं बांधला. फक्त आकडा डबल केला, बाकी एका अक्षराला हात लावला न्हाई. कलश बसला, मंडपात रविराजनं बटन दाबलं, त्याच घडीला मी आमच्या ओसरीवर दाबलं. आमचं घर मंडपाला लागूनच. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायची, "हे गेल्या सालचंच खोकं बरं का. ऐकून जा." लोक हसायचे. रविराज एकदा आला, वाकून बघितलं, म्हणला, "भंगारात बसून चौसष्टशी टक्कर घेते व्हय?" मी म्हणले, "चौथ्या दिवशी ये."

तीन दिवस दोन्ही तंबोरे सुरात वाजले. मंडपातला कणभर चढला होता, पण तो हळूहळू चढलेला, कुणाच्या कानात यायचं न्हाई. खरं सांगू? मला झोप लागत नव्हती. गणित पक्कं होतं, पण गणित पक्कं असून बी तोंडघशी पडलेली माणसं काही कमी न्हाईत. आन् मी पडले असते तर आई जन्मभर गायली नसती.

चौथा दिवस. तात्या पहाऱ्याला आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला बुक्का. त्यांच्या गळ्यात वीणा पडली. मी बायांमधी बसले होते. मुद्दाम औंदा माणसं जेवून आडवी झाली नव्हती, मंडप गच्च भरला होता. तात्यांनी अभंगाला सुरुवात केली, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं.

आन् पडला. धाडकन पडला. तोच घोगरा आवाज, तेच अडखळणं, औंदा तर नव्या मोठ्या भोंग्यातून चौपट जोरात.

तात्यांचा अभंग मधेच तुटला. सगळी माणसं मान वळवून आधी तात्यांकडं बघत होती, मग माझ्याकडं. आन् भोंगा अडखळला की त्या फटीतून आमच्या ओसरीवरचं भंगार सरळ, गोड, सुरात ऐकू येत होतं. एक चूक न्हाई.

रविराज कॉम्प्युटरकडं धावला, बंद करून परत लावायला. मी त्याच्या आधी पोचले, बटनापुढं उभी राहिले.

"सरक मने!"

"न्हाई सरकत. गेल्या साली आधी वीणा काढली, मग मशीन बंद केलं. त्याच क्रमानं होऊ दे. आधी तात्यांच्या गळ्यातली वीणा काढा."

"अगं पण आवाज..."

"ऐकू दे! गेल्या साली माझ्या आईला ऐकवला ना? ऐकू दे सगळ्यांना."

तात्यांनी धुळाजीला खूण केली. धुळाजी हा असा मागं सरकला. "माझा पहारा दोनला हाय, तात्या," म्हणला. तात्यांनी दुसऱ्याकडं बघितलं, तो चप्पल शोधायला लागला. तिसरा खांबाआड गेला. कोण घेणार? तात्यांनीच वर्षभर गावाला शिकवलं होतं की सूर पडला तर दोष गळ्यातल्या माणसाचा. आता कुणाला तो दोष गळ्यात घालून घ्यायचा होता? भोंगा कण्हत होता आन् तात्या उभे होते. खाली ठेवता येईना, बसता येईना, जाता येईना. गुडघ्याचं दुखणं त्यांना, हे गावाला ठाऊक हाय. पाय लटलट कापायला लागले.

तवा आई आली.

घरून आली ती हातपाय धुऊन, चूळ भरून, केस विंचरून. बाया आपोआप बाजूला झाल्या. ती सरळ तात्यांपुढं जाऊन उभी राहिली. वर्षभरात ती मंडपाच्या आसपास सुद्धा फिरकली नव्हती.

"द्या," आई म्हणली. "म्या घेते."

तात्यांनी सुटकेचा श्वास सोडला आन् वीणा काढायला हात वर केला.

"थांबा. आधी माइकवर बोला."

"काय बोलू?"

"गेल्या साली काय बोलला व्हता, आठवतंय ना?"

तात्यांनी माइक घेतला. खाकरले. "मंडळी, मशीनमधी काही तांत्रिक बिघाड..."

"आसं न्हाई, तात्या." आई मोठ्यानं बोलली न्हाई, पण मागच्या रांगेपर्यंत गेलं. "तवा माझं नाव घेऊन बोलला व्हता. नाव घेऊनच बोला. मला घाई न्हाई. तुमाला असंल तर बघा."

रविराज म्हणला, "काकू, म्हाताऱ्या माणसाला..."

"मी माणूस नव्हते का? माझ्या गळ्यातून अभंग अर्धा तोडून वीणा वढली, तवा कुठं गेलतास तू?"

तात्यांच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळला होता. गुडघा एकदा वाकला, सावरले. भोंगा कण्हतच होता. शेवटी माइक तोंडाजवळ धरून ते बोलले, एकेक शब्द दातांत धरून सोडल्यासारखा.

"गेल्या साली जानकीबाईंचा दोष नव्हता. दोष मशीनचा व्हता. म्या बोललो ते चूक व्हतं."

साऱ्या गावानं ऐकलं. शेतात असलेल्यांनी सुद्धा ऐकलं, भोंगे रविराजनं चांगले आणले होते.

आईनं गळा पुढं केला. तात्यांनी वीणा घातली, आन् मग नियमाप्रमाणं ते वाकले, माझ्या आईच्या पायांना हात लावला. आई बी वाकली, त्यांच्या पायांना हात लावला. नियम तो नियम. तात्या तिथंच सतरंजीवर बसले, गुडघे धरून.

माझे डोळे भरून आले होते, पण रडायला वेळ नव्हता. सकाळीच ओसरीवरून ओढून ठेवलेली वायर मी हातात घेतली. ती मिक्सरला जोडली की जुन्या खोक्याचा सूर भोंग्यात येणार. मी जोडायला गेले. आईनं नजरेनंच मला थांबवलं.

"राहू दे," ती म्हणली. "आधी ह्याच्यावरच म्हणते."

आन् आईनं वीणेची तार छेडली आन् अभंग उचलला, गेल्या साली जिथं तोडला होता त्याच कडव्यापासून. खाली तो बेसूर चौसष्ट बिटचा तंबोरा ओढत होता, माणसाला चळवणारा, पाय घसरवणारा. आईचा आवाज वर्षभर बंद होता, पहिल्या ओळीला चिरकला. दुसऱ्या ओळीला लागला, आन् मग हलला न्हाई. एका बाजूला भोंगा, एका बाजूला बाई. कुणाचा सूर बाटका, ते आता कानानं ठरवा, असं ती उभ्या गावाला सांगत होती. सगळ्यात आधी विमलबाई टाळ वाजवायला लागली, मग वनमालाकाकू, मग सगळ्या बाया. मागं पुरुषांतून बी कुणीतरी साथ धरली. मी बघितलं, माझा बाप होता. भांडणाला भिणारा माझा बाप, डोळे मिटून, मोठ्यानं.

अभंग पुरा झाला. मंडपात एक बी माणूस मशीनकडं बघत नव्हता.

आईनं पदरानं कपाळ पुसलं आन् माझ्याकडं वळून म्हणली, "हं. आता जोड तुझं."